फोमवालं व्हिनाईल सायडिंग: जादा साडेसात हजार डॉलर कशासाठी द्यायचे?

प्रश्न थोडक्यात असा: क्लीव्हलंडच्या उपनगरातलं १९७२ सालचं दुमजली घर. दोन-बाय-चार इंची लाकडाच्या चौकटीच्या भिंती, गॅसची फर्नेस, बाहेरून मूळचं ॲल्युमिनियम सायडिंग, म्हणजे भिंतीवरचं पट्ट्यांचं आवरण. आता त्याचा रंग खडूसारखा हाताला लागतो आणि दोन-तीन ठिकाणी पोचे आलेत. दोन एस्टिमेट आली आहेत. साध्या, म्हणजे मागून पोकळ असलेल्या व्हिनाईल (पीव्हीसी प्लास्टिकच्या) सायडिंगचं १९,००० डॉलर, आणि मागे फोम चिकटवलेल्याचं २६,५०० डॉलर. दुसऱ्या कंपनीचा सेल्समन म्हणतो की हीटिंगचं बिल तीस टक्क्यांनी उतरेल, शिवाय आजच सही केली तर दोन हजार कमी. घरच्यांना गडद निळा रंग हवा आहे. फोमवालं घ्यावं का?

माझं मत आधीच सांगतो. फोमवालं सायडिंग हे सायडिंग म्हणून चांगलं आहे, इन्सुलेशन म्हणून महाग आहे. दिसायला बरं, हाताला घट्ट, मार सोसणारं सायडिंग हवं असेल आणि खिशाला परवडत असेल तर खुशाल घ्या. पण बिल उतरेल म्हणून साडेसात हजार जादा मोजणार असाल तर थांबा. त्याच पैशात त्याच भिंतीचं याहून कितीतरी भलं करता येतं, आणि ते करायची वेळ जुनं सायडिंग उतरलेलं असतानाच असते. पुढची तीस-चाळीस वर्षं ती पुन्हा येत नाही.

आता हिशेब. फोमवाल्या सायडिंगच्या मागे एक्सपांडेड पॉलिस्टायरीन असतं, म्हणजे टीव्हीच्या खोक्यात येतं तेच पांढरं किंवा करडं थर्मोकोल, पॅनेलच्या आकारात कापून चिकटवलेलं. त्याचं अमेरिकन मानक एएसटीएम डी७७९३. त्यात बसायला आर-व्हॅल्यू (उष्णता अडवण्याचं माप, जितकं जास्त तितकं चांगलं) किमान २ लागते, आणि बाजारातला बहुतेक माल २ ते ३ च्या दरम्यान असतो. आपण २.५ धरू. पण इथेच पहिली गोम आहे. पोकळ सायडिंगमागेही हवेचा थर असतो आणि त्याची आर-व्हॅल्यू साधारण ०.६ धरतात. म्हणजे तुम्ही विकत घेताय तो फरक २.५ चा नाही, १.९ चा. सेल्समन हे वजा करून कधीच सांगत नाही.

तुमच्या भिंतीत बहुधा आर-११ चं जुनं फायबरग्लास असेल. पण सगळी भिंत आर-११ नसते. तिच्यातला सुमारे पाव भाग लाकूड असतो (स्टड म्हणजे उभी लाकडं, वरच्या-खालच्या पट्ट्या, खिडक्यांभोवतीची चौकट) आणि साडेतीन इंच लाकडाची आर-व्हॅल्यू जेमतेम साडेचार. ड्रायवॉल (आतला जिप्समचा बोर्ड), शीदिंग (चौकटीवर बाहेरून ठोकलेला बोर्ड), आतल्या-बाहेरच्या हवेचे पापुद्रे हे सगळं धरून पूर्ण भिंतीची सरासरी काढली तर ती साडेअकराच्या आसपास येते. फोमवालं सायडिंग लावल्यावर साडेतेराच्या आसपास. भिंतीतून जाणारी उष्णता कमी झाली सुमारे १५ टक्के. लक्षात घ्या, भिंतीतून जाणारी. खिडक्या, अटिक, बेसमेंट आणि फटींतून निसटणारी उष्णता आहे तिथेच आहे. घराच्या एकूण उष्णतेचा चौथा ते तिसरा हिस्सा भिंतींतून जातो असं धरलं तरी बिलावर परिणाम चार-पाच टक्क्यांचा. तीस टक्के बिल उतरवायचं तर भिंतींतून काहीच उष्णता जाता कामा नये.

डॉलरमध्ये पाहू. खिडक्या-दारं वजा जाता १,८०० चौरस फूट भिंत, तुमच्याकडचे सुमारे ६,००० हीटिंग डिग्री डे (वर्षभराच्या थंडीचं माप), ९० टक्के कार्यक्षमतेची फर्नेस. वर्षाला ३५ ते ४० थर्म (गॅसच्या बिलातलं एकक) गॅस वाचतो. थर्मला सव्वा डॉलर धरा, पन्नासच्या अलीकडे-पलीकडे रक्कम येते. उन्हाळ्यातल्या एसीचे दहा-पंधरा डॉलर वर घाला. साडेसात हजारांची वसुली व्हायला शंभराहून जास्त वर्षं! गॅस दुप्पट महाग झाला तरी साठ-सत्तर. आणि हा हिशेब फोमच्या बाजूने उदार आहे, कारण डिग्री डेचं गणित आजच्या घरांसाठी उष्णतेची गरज जरा जास्तच दाखवतं. प्रोपेन किंवा विजेच्या साध्या हीटरवर घर तापवणाऱ्यांचा आकडा यापेक्षा बरा येईल, पण त्यांनाही तो पुढच्या पर्यायांशी ताडून पाहावा लागेल.

भिंत रिकामी असेल तर मात्र गणित पार बदलतं. १९७२ च्या घरात तसं सहसा नसतं, पण गृहीत धरू नका, पाहा. बाहेरच्या भिंतीवरच्या एखाद्या आउटलेटचा ब्रेकर बंद करा, टेस्टरने खात्री करा, झाकण काढा आणि डबीच्या कडेला ड्रायवॉलची जी फट असते तिच्यातून लाकडी किंवा प्लास्टिकची काडी आत सरकवा. टोकाला गुलाबी किंवा पिवळा कापूस लागला तर बॅट, म्हणजे फायबरग्लासची गादी, आहे. काडी मोकळी आत जाऊन थेट शीदिंगला टेकली तर तिथे काही नाही. एका जागेवर विश्वास ठेवू नका. प्रत्येक दिशेच्या एकेका भिंतीत पाहा. रिकाम्या भिंतीवर फोमवालं सायडिंग लावलं की भिंतीतून जाणारी उष्णता २५-३० टक्के घटते, सेल्समनचा तीसचा आकडा बहुधा तिथूनच येतो. पण त्याच रिकाम्या भिंतीत बाहेरून भोकं पाडून सेल्युलोज (कागदाच्या बारीक तुकड्यांचं सुटं इन्सुलेशन) दाबून भरलं तर घट साठ टक्क्यांच्या वर जाते. सायडिंग उतरलेलं असताना हे काम सर्वांत सोपं आणि स्वस्त पडतं, कारण भोकं शीदिंगला पाडायची असतात आणि नवं सायडिंग त्यांवर येणारच असतं. म्हणजे रिकाम्या भिंतीतसुद्धा पहिला नंबर फोमवाल्या सायडिंगचा लागत नाही.

आर-व्हॅल्यूबद्दल आणखी एक गोष्ट, जी कागदावर दिसत नाही. तो आकडा प्रयोगशाळेत मोजलेला असतो, जिथे फोम भिंतीला नीट टेकलेला असतो. घरावर पॅनेल मोकळं टांगलेलं असतं, आणि ते तसंच असायला हवं, का ते पुढे सांगतो. जे-चॅनेलच्या (पॅनेलचं टोक ज्यात बसतं त्या खिडक्या-दारांभोवतीच्या पट्टीच्या) कडेने, कोपऱ्यातल्या पट्ट्यांतून, खालच्या स्टार्टर पट्टीपाशी हवा आत शिरते. फोम आणि भिंत यांच्यामध्ये वारा खेळायला लागला की फोमचा उपयोग त्या प्रमाणात घटतो. सायडिंग, मग ते कुठलंही असो, हवा अडवत नाही. हवा अडवायचं काम त्याच्या मागचा थर करतो.

म्हणून माझ्या मते तुमच्या घरासाठी खरा सामना वेगळाच आहे. एका बाजूला फोमवालं सायडिंग, दुसऱ्या बाजूला साधं सायडिंग आणि त्याच्याखाली सपाट फोमबोर्डच्या शीट. एक इंच एक्सपीएस (एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरीन) बोर्डची आर-व्हॅल्यू ५. शीट मोठ्या, सांधे कमी, आणि ते टेपने बंद केले की तोच थर बऱ्यापैकी हवाही अडवतो. वरच्याच पद्धतीने हिशेब केला तर भिंतीतून जाणारी उष्णता ३० टक्क्यांच्या आसपास घटते, फोमवाल्या सायडिंगच्या दुप्पट. दोन्ही काँट्रॅक्टरांकडून हा तिसरा आकडा मागा. तो साधारण दोन्ही एस्टिमेटच्या मध्ये कुठेतरी येतो असा माझा अनुभव आहे, पण तुमच्या घराच्या खिडक्या किती आणि कशा, यावर बरंच अवलंबून.

कायद्याच्या अंगानेही या एक इंचाला अर्थ आहे. तुमचा भाग हवामान झोन ५ मध्ये येतो. तिथे दोन-बाय-चारच्या भिंतीवर बाहेरून किमान आर-५ असेल तर निवासी बांधकाम संहिता आतल्या बाजूला फक्त रंगावर, म्हणजे सर्वांत ढिल्या बाष्परोधकावर, भागवू देते. कारण तेवढ्या फोमने शीदिंग पुरेसं उबदार राहतं आणि आतल्या दमट हवेचं पाणी त्यावर धरत नाही. फोमवाल्या सायडिंगचे अडीच त्या उंबरठ्याच्या अर्ध्यावर. याचा अर्थ ते धोकादायक आहे असा नाही. शीदिंग थोडं तरी उबदार होतंच. अर्थ इतकाच की ते लावलं म्हणून आतल्या बॅटवरचा बाष्प अडवणारा क्राफ्ट कागद फाडून चालणार नाही. पुढेमागे आतून ड्रायवॉल बदलाल तेव्हा हे लक्षात ठेवा.

सपाट फोमबोर्डचे तोटे झाकत नाही. भिंत एक इंच बाहेर येते, त्यामुळे प्रत्येक खिडकी आणि दाराभोवती पट्टी वाढवावी लागते. सायडिंगचे खिळे फोममधून पार होऊन लाकडात रुतायला हवेत, म्हणून ते लांब लागतात. फोमवर टांगलेल्या व्हिनाईलची वाऱ्याच्या दाबाची मर्यादा कमी धरली जाते, ती उत्पादकाच्या तक्त्यात पाहावी लागते. आणि काही काँट्रॅक्टर या कामाला नाक मुरडतात, कारण त्यांना हात बसलेल्या पद्धतीने पटपट भिंत झाकायची असते. इथेच एक शब्द सांभाळा. कुणी ‘फॅनफोल्ड टाकून देतो’ म्हणालं तर ती पाव किंवा तीन-अष्टमांश इंचाची घडीची शीट असते, आर १ च्या आसपास. भिंत सपाट दिसायला ती बरी, पण एक इंच बोर्डाच्या जागी ती धरू नका.

एवढं सगळं फोमवाल्याच्या विरुद्ध बोललो. आता त्याची खरी बाजू. पोकळ पॅनेलला बोटाने दाबलं की ते आत जातं. फोमवाल्याला मागून आधार असतो, त्यामुळे ते दबत नाही. गारपीट, मुलांचा चेंडू, गवत कापायच्या मशीनमधून उडालेला खडा यांना ते बरंच चांगलं तोंड देतं. व्हिनाईल थंडीत ठिसूळ होतं, आणि तुमच्याकडे जानेवारीत उत्तरेकडच्या भिंतीवर एक शिडी जोरात टेकली तरी पोकळ पॅनेल तडकू शकतं. फोममुळे पॅनेल जास्त रुंद आणि लांब बनवता येतं, सांधे कमी दिसतात, लाटा कमी दिसतात. रस्त्यावरून पाहिलं तर ते लाकडाच्या फळीच्या जास्त जवळ जातं, हे मी मान्य करतो. जोराच्या वाऱ्यात पोकळ सायडिंग फडफडतं, हे फडफडत नाही. रस्त्याचा आवाज कमी होईल असं मात्र कुणी सांगत असेल तर फार मनावर घेऊ नका. हे थर्मोकोल हलकं आणि बंद पेशींचं असतं. आवाज अडवायला वजन लागतं, नाहीतर मऊ तंतुमय माल लागतो. खिडकीची रबरं बदलून आवाजात जास्त फरक पडेल.

नमुना टेबलावर आला की काय पाहायचं? आधी व्हिनाईलची जाडी. मानकात किमान ०.०३५ इंच आहे, बिल्डर लोक सहसा ०.०४० चं वापरतात, चांगला माल ०.०४४ ते ०.०४६ चा असतो. फोमवाल्या मालात काही कंपन्या फोमच्या भरवशावर व्हिनाईल पातळ ठेवतात, म्हणून आकडा विचाराच. वरची खिळ्यांची पट्टी दुमडून दुहेरी केली आहे का पाहा. दुहेरी पट्टी वाऱ्याला चांगली धरून राहते. मग पॅनेलच्या टोकाला नख घालून फोम उचलायचा प्रयत्न करा. काही मालात फोम पूर्ण पृष्ठभागावर चिकटवलेला असतो, काहींत फक्त ठिकठिकाणी, आणि काहींत तो सुटा असून पॅनेलमागे सरकवायचा असतो. सुटा फोम आणि चिकटवलेला फोम यांची किंमत सारखी असता कामा नये. शेवटी फोमची पाठ बघा: पाणी खाली उतरायला उभ्या खाचा आहेत का? नसतील तर तो माल मी माझ्या घराला लावणार नाही.

पाण्याचा मुद्दा फोमपेक्षा मोठा आहे आणि एस्टिमेटमध्ये तो एका ओळीत उरकलेला असतो. व्हिनाईल सायडिंग पाणी पूर्ण अडवत नाही, ते पाऊस झटकतं. त्याच्या मागे थोडं पाणी जाणारच. म्हणून संहितेत मागे जलरोधक थर, म्हणजे हाऊसरॅप, सक्तीचा आहे. पोकळ सायडिंगची एक गंमत अशी की मागची पोकळी हवा खेळवते आणि भिंत लवकर वाळते. चुका झाल्या तरी ते खपवून घेतं. फोमवाल्यात ती पोकळी फोमने भरलेली असते, वाळणं मंदावतं, आणि खिडकीच्या फ्लॅशिंगमधली (पाणी आत जाऊ नये म्हणून सांध्यांवर लावलेल्या पट्ट्या-टेपमधली) चूक जास्त महागात पडते. एका घरी खिडकीखालचं फोमवालं पॅनेल उघडलं होतं. बाहेरून भिंत नवीकोरी दिसत होती. फोमच्या पाठीवर तपकिरी ओघळ, आणि शीदिंगमध्ये स्क्रूड्रायव्हर दाबला तर तो मुठीपर्यंत आत गेला. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात वरची टेप खालच्या टेपवर चढवण्याऐवजी उलटी लावली होती, एवढंच कारण. म्हणून फोमवालं घेणार असाल तर सुरकुत्या किंवा बुट्टे असलेला, मागे पाण्याला वाट देणारा हाऊसरॅप मागा, आणि प्रत्येक खिडकीचं फ्लॅशिंग काम झाकलं जाण्याआधी तुम्हाला दाखवायचं, असं लिहून घ्या. फोनवर फोटो काढून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे.

ठोकण्याबद्दल. साडेबारा फुटांचं व्हिनाईल पॅनेल कडक हिवाळा ते कडक ऊन या फरकात अर्ध्या इंचाहून जास्त लांब-आखूड होतं. म्हणून ते ठोकायचं नसतं, टांगायचं असतं. खिळा खाचेच्या बरोबर मध्ये, आणि खिळ्याचं डोकं आणि पट्टी यांत १/३२ इंच, म्हणजे एका नाण्याच्या जाडीहून कमी, फट. चॅनेलमध्ये टोकाला पाव इंच जागा, आणि ४० फॅरनहाइटच्या खाली काम चाललं असेल तर तीन-अष्टमांश. खिळे घट्ट मारले की पॅनेलला सरकायला वाव उरत नाही, ते फुगतं, आणि दक्षिणेच्या भिंतीवर दुपारच्या उन्हात लाटा उठतात. ताडून पाहायची पद्धत सोपी: काम चालू असताना नुकतंच लावलेलं पॅनेल दोन्ही हातांनी धरा आणि डावी-उजवीकडे सरकवा. सरकलं पाहिजे. नाही सरकलं तर तिथल्या तिथे, शांतपणे, फोरमनला बोलवा.

फोमवाल्यात खिळ्याची लांबी हा खास पाहायचा मुद्दा. संहितेप्रमाणे खिळा धरून ठेवणाऱ्या लाकडात सव्वा इंच जायला हवा. तुमच्या काळातल्या घरांत शीदिंग बऱ्याचदा काळ्या डांबरी फायबरबोर्डचं असतं, आणि त्यात खिळा धरत नाही. म्हणजे प्रत्येक खिळा स्टडमध्येच, १६ इंचांवर, आणि लांबी म्हणजे पट्टीमागचा फोम, अधिक अर्धा इंच फायबरबोर्ड, अधिक सव्वा इंच. पोकळ सायडिंगसाठी आणलेले खिळे इथे तोकडे पडतात. एस्टिमेटमध्ये खिळ्याची लांबी लिहिलेली मी फार क्वचित पाहिली आहे. तुम्ही विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर तेही एक उत्तरच आहे.

मग जाडी. फोमवालं पॅनेल सव्वा इंचाच्या आसपास बाहेर येतं. नेहमीचा पाऊण इंची जे-चॅनेल त्याला पुरत नाही. चॅनेल, कोपरे, दिव्यांचे आणि नळांचे ब्लॉक सगळे खोल लागतात. तुमच्या जुन्या खिडक्या भिंतीशी जवळपास समतल असतील तर नव्या सायडिंगनंतर त्या खड्ड्यात बसल्यासारख्या दिसतील. हे नको असेल तर खिडक्यांभोवती जाड पट्टी लावावी लागते आणि त्याचे पैसे वेगळे. २६,५०० मध्ये ते धरलेत का? हा प्रश्न मी पहिल्या भेटीतच विचारला असता, कारण नंतर ‘एक्स्ट्रा’ म्हणून येणाऱ्या रकमांत हीच सगळ्यात मोठी असते.

गडद निळ्याचं काय? रंग घ्या, पण डोळे उघडे ठेवून. व्हिनाईल १६० ते १६५ फॅरनहाइटच्या आसपास मऊ पडायला लागतं. गडद रंग उन्हात जास्त तापतो, आणि फोमवाल्यात मागची उष्णता निघून जायला वाट नसते. नुसत्या उन्हाने सहसा काही होत नाही. त्रास होतो तो परावर्तनाचा: शेजारच्या घराच्या लो-ई (उष्णता परतवणारा लेप दिलेल्या) काचेच्या खिडकीवरून ऊन एका पट्ट्यात तुमच्या भिंतीवर पडलं की त्या पट्ट्यात सायडिंग वितळल्यासारखं वेडंवाकडं होतं. शेजाऱ्याच्या खिडक्या जवळ आणि समोर असतील तर उन्हाच्या दिवशी सकाळी, दुपारी, संध्याकाळी एकदा बाहेर फेरी मारा. भिंतीवर लखलखीत चौकोन फिरताना दिसला तर त्या बाजूला फिका रंग, किंवा चक्क दुसरा माल. वॉरंटीत अशा परावर्तनाने झालेलं नुकसान बहुतेक कंपन्या वगळतात. बार्बेक्यू ग्रिल भिंतीपासून लांब ठेवायची ती याच कारणाने. गडद रंगात फिकटपणाची वॉरंटी वेगळ्या कलमात असते, तेही वाचा.

कीड आणि आग थोडक्यात. मुंग्या थर्मोकोल खात नाहीत, पण त्यात सुरेख बिळं करतात, विशेषतः सुतारमुंग्या, आणि लाकूड आधीच ओलं असेल तिथे. सायडिंगची खालची कड जमिनीपासून सहा-आठ इंच वर ठेवा, मल्च (झाडांभोवती पसरलेला लाकडाचा भुसा) तिला टेकू देऊ नका. आगीत दोन्ही प्रकारची सायडिंग वितळतात. व्हिनाईल सहज पेट घेत नाही, पण आग रोखणारं आवरण म्हणून दोघांपैकी कुणावरही भिस्त ठेवू नये. शेजारचं घर अगदी खेटून असेल तर फायबर सिमेंटचा भाव मागवा, हे मी कुणालाही सांगेन.

घर १९७८ च्या आधीचं असल्याने एक बाब तुमच्यासाठी कायद्याची आहे. खिडक्यांच्या चौकटी, फळ्या यांवरचा जुना रंग शिशाचा असू शकतो. बाहेरून वीस चौरस फुटांहून जास्त रंगवलेला भाग खरवडायचा किंवा उखडायचा असेल तर काँट्रॅक्टरकडे ईपीएचं (अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं) शिसे-सुरक्षा प्रमाणपत्र लागतं. त्याची प्रत मागा. आणि फोमवालं लावलं की फेडरल टॅक्स क्रेडिट मिळेल असं अजूनही कुणी सांगत असेल तर ते चुकीचं आहे: घराच्या ऊर्जा सुधारणांचं ते क्रेडिट ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या कामांना मिळत नाही.

मग पैसे कसे लावायचे? मी तुमच्या जागी असतो तर सगळ्यांत आधी ब्लोअर डोअर चाचणी करून घेतली असती. एका दारात पंखा लावून घरातल्या हवेचा दाब कमी करतात आणि हवा कुठून येते ते दाखवतात. एवढ्या वयाच्या घरांत बहुतेक वेळा अटिकच्या तळाशी आणि बेसमेंटच्या वरच्या कडेला, जिथे भिंतीचं लाकूड पायावर टेकतं तिथे, सगळ्यात जास्त गळती सापडते. ती बंद करणं आणि अटिकमध्ये सेल्युलोज वाढवणं यावर खर्च केलेला डॉलर सायडिंगवरच्या डॉलरपेक्षा लवकर परत येतो. त्यानंतर साधं ०.०४४-०.०४६ चं सायडिंग, खाली टेप केलेला एक इंच बोर्ड, नीट फ्लॅशिंग. तरीही पैसे उरले आणि फोमवाल्याचा सपाट देखणेपणा मनात भरला असेल, तर घ्या. पण मग त्याला देखणेपणाची किंमत म्हणा आणि बिलाचा हिशेब सोडून द्या. एकच इशारा: इंचभर सपाट बोर्डवर पुन्हा फोमवालं सायडिंग असं दोन्ही करायच्या फंदात पडू नका. खिळे, वारा, खिडक्यांची खोली, सगळंच अवघड होतं.

त्या ‘आजच सही’वाल्या दोन हजारांबद्दल. जो भाव उद्या मिळत नाही तो आजही खरा नसतो, निदान या धंद्यात तरी. चुकून सही झालीच तर घाबरू नका. घरी येऊन केलेल्या विक्रीचा असा सौदा फेडरल नियमानुसार तिसऱ्या कामाच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत लेखी कळवून रद्द करता येतो, आणि रद्द करायचा फॉर्म सेल्समननेच द्यायचा असतो.

करारात मालाचं नेमकं नाव, व्हिनाईलची जाडी, आर-व्हॅल्यू कुठल्या चाचणीची, हाऊसरॅपचा प्रकार, खिळ्याची लांबी, खिडक्यांची पट्टी कुणाच्या खर्चाने, आणि जुनं शीदिंग कुजलेलं निघालं तर दर शीटला किती डॉलर, हे सगळं लिहिलेलं हवं. शेवटचं कलम सगळ्यात जास्त भांडणं वाचवतं. मालाला व्हिनाईल सायडिंग इन्स्टिट्यूटचं प्रमाणपत्र आहे का ते त्यांच्या यादीत पाहता येतं. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. आणि त्याच बॅचचं एक खोकं जादा घेऊन बेसमेंटमध्ये आडवं ठेवा. दहा वर्षांनी एखादं पॅनेल फुटलं तर दुरुस्ती तशी सोपी असते, झिप टूलने वरचं पॅनेल सोडवून नवं अडकवायचं. अडचण येते ती माल मिळण्याची, कारण तोवर तो रंग आणि फोमचा तो आकार बहुधा बंद झालेला असतो. पोकळ सायडिंगमध्ये दुसऱ्या कंपनीचं मिळतंजुळतं पॅनेल कधी कधी जमून जातं. फोमवाल्यात आकार जुळलाच पाहिजे.